तगारेकाकांच्या गाडीचं नाक

अंगभर लोकर चिकटवलेली लाल स्पोर्ट्स कार तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे. नुसती पाहिली नाही, तर ड्युअल कॅरेजवेवर, म्हणजे दुहेरी हमरस्त्यावर, तिच्या शेजारून आमची गाडी चालवली आहे. माझा नवरा हेमंत तेव्हा खिडकीतून मान बाहेर काढून ओरडत होता, "काका, डाव्या दिव्याजवळच्या नाचतायत! बॉनेटवरच्या सगळ्या झोपल्या!"

नाचत होत्या आणि झोपत होत्या त्या लोकरीच्या बोटबोटभर दोऱ्या. दीडेकशे तरी असतील. मोरपंखी, राणी, लिंबोणी, जी लोकर हाताला लागली ती कापून गाडीच्या पुढच्या बंपरपासून काचेपर्यंत सेलोटेपनं ओळीत चिकटवलेली. वारा जिथे गाडीला धरून नीट वाहतो तिथे दोरी आडवी पडते आणि जिथे गोंधळतो तिथे ती नाचते, असं त्यामागचं शास्त्र होतं. शास्त्र अगदी खरं आहे, मी नंतर चौकशी केली. पण रविवारी सकाळी साडेदहाला, जाणारे-येणारे मोबाइलवर फोटो काढत असताना, शास्त्र कितीही खरं असलं तरी माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पुढच्या ले-बायमध्ये, म्हणजे रस्त्याकडेला गाड्या थांबवायच्या जागी, पोलिसांनी आम्हा दोघांनाही थांबवलं. तरुण पोलीस होता. त्यानं लाल गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, एक दोरी बोटानं उचलून पाहिली आणि फार अदबीनं विचारलं, "इज धिस फॉर चॅरिटी, सर?"

"नो सर," तगारेकाका म्हणाले. "द पॉइंट इज एअर."

पोलिसानं उघडलेली वही मिटली. "ड्राइव्ह केअरफुली," एवढं म्हणून तो निघून गेला. केअरफुली म्हणे! ताशी तीस मैलांच्या रस्त्यावर अठ्ठावीसनं जाणाऱ्या आणि मागे सात गाड्यांची वरात घेऊन हिंडणाऱ्या माणसाला आणखी केअरफुली कसं चालवायला सांगणार?

मनोहर तगारे हे आमचे बर्मिंगहॅममधले शेजारी. अगदी एका भिंतीचे. इथली सेमी-डिटॅच्ड घरं म्हणजे एकाच घराचे दोन तुकडे असतात. काकांनी त्यांच्याकडे खिळा ठोकला की आमच्याकडचा गणपती देव्हाऱ्यात थोडा सरकतो. काका मूळचे मिरजेचे. साठच्या दशकात इकडे आले आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं पत्रा वाकवला. रिटायर झाल्यावर तेच काम त्यांनी गॅरेजमध्ये सुरू केलं. फरक एवढाच की कारखान्यात साडेचारला भोंगा व्हायचा.

"पत्र्याला ठोकायचं नसतं गं वैशाली," ते मला सांगायचे. "त्याला समजावून सांगायचं असतं." हे समजावणं तीन-तीन तास चालायचं. मी हॉस्पिटलच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. अर्ली शिफ्ट करून येऊन जरा पाठ टेकावी, तर भिंतीपलीकडे काकांनी पत्र्याशी संवाद मांडलेलाच असायचा.

शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि जिभेवर 'सूत', हे त्यांचे दोन दागिने. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिरजेच्या वर्कशॉपमध्ये शिकलेलं हे माप त्यांनी इंग्लंडात येऊनही सोडलं नाही, आणि युरोपचे मिलिमीटर आले तेव्हा तर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकदा होळीला मी पुरणपोळी नेऊन दिली. काकांनी तिच्या कडेला पट्टी लावली. "दोन सूत आहे. एक सूत पाहिजे," म्हणाले, आणि मग तीन खाल्ल्या. पुढच्या वर्षी देणारच नव्हते. दिली, पण लाटताना हात दुखेपर्यंत लाटली.

शालिनीकाकू होत्या तोवर काकांचा आवाज मी फारसा ऐकलाच नव्हता. बोलण्याचं खातं काकूंकडे होतं. त्या दारात दूध घ्यायला आल्या की अर्धा तास, कुंपणापाशी भेटल्या की पाऊण तास. काका मागे उभे राहून मान डोलवायचे. काकू अचानक गेल्या. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवशी नव्हत्या. पुढचं वर्ष-दीड वर्ष पलीकडे इतकी शांतता होती की मीच अधूनमधून भिंतीला कान लावायचे. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटायची.

आणि मग एका एप्रिलच्या सकाळी काकांच्या दारात ही लाल गाडी उभी! दोन दारांची, जमिनीला चिकटलेली, जपानी बनावटीची, दोनशे हॉर्सपॉवरची. काकांना तिच्यात बसायला आधी उजवा पाय, मग डोकं, मग कंबर, मग उरलेले काका असं टप्प्याटप्प्यानं जावं लागायचं. आमच्या मराठी मंडळात बातमी वाऱ्यासारखी पसरली. सगळ्यांनी एकमतानं 'म्हातारचळ' असं निदान केलं. मंडळात एरवी कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नाही.

गाडी आली त्याच आठवड्यात काकांनी तिचा बंपर उतरवून हिरवळीवर ठेवला.

"काय करताय काका?"

"मुद्दा हवेचा आहे," काका म्हणाले. त्यांची दर तिसरी गोष्ट इथूनच सुरू व्हायची. "इंजिनाला पेट्रोलइतकीच हवा लागते. पण बिचारं बॉनेटच्या आतली तापलेली, कोंदट हवा ओढत बसतं. समोरून थंडगार, ताजी हवा एवढ्या जोरानं येतेय. फुकट येतेय! तिला आत यायला फक्त नाक द्यायचं."

या नाकाला या धंद्यात रॅम एअर इन्टेक स्कूप म्हणतात. बंपरमध्ये पुढे तोंड करून बसवलेला पत्र्याचा एक पसरट पोंगा. त्याच्यामागून एक नळी एअर फिल्टरच्या डब्यात जाते. गाडी जोरात पळाली की वारा आपोआप आत दाबला जातो, इंजिनाला जास्त हवा मिळते आणि ताकद वाढते. काका त्याला नाकच म्हणायचे आणि मग आम्हीही नाकच म्हणायला लागलो.

आता यातली गंमत ऐका. काकांची एकुलती एक मुलगी मेघना केंब्रिजला असते. जन्मली इथेच, वाढली इथेच आणि शिकली ती नेमकी हवा. कुठल्या वस्तूवरून हवा कशी वाहते यावर तिची पीएच.डी. आहे आणि आता संशोधनही तेच. तिनं दोन मिनिटांत आकडेमोड करून सांगितलं, "बाबा, सत्तरच्या स्पीडला दोनशे घोड्यांमध्ये एक घोडा ॲड होईल. मॅक्झिमम. अँड ही'ज अ टायर्ड घोडा." आणि काका तर मोटरवेवरसुद्धा अठ्ठावन्नच्या पुढे जात नाहीत. म्हणजे तो एक थकलेला घोडाही यांना भेटणार नव्हता.

यानं काका खचले? छे! उलट गाडीत बदल करणार म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे इन्शुरन्सवाल्यांना फोन लावला. मी तेव्हा त्यांच्या किचनमध्ये वाटी परत द्यायला गेले होते, म्हणून हे संभाषण माझ्या कानांनी ऐकलंय.

"व्हॉट डझ द स्कूप डू, सर?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"बिलो सेव्हंटी, नथिंग, मॅडम."

"अँड अबव्ह सेव्हंटी?"

"अबव्ह सेव्हंटी आय डोन्ट गो."

पलीकडे बराच वेळ टायपिंग चालू होतं. ती बिचारी नेमकं काय लिहीत होती, ते मला आजही जाणून घ्यायचंय.

मेघनाचा फोन शुक्रवारी संध्याकाळी सातला यायचा. हात मोकळे हवेत म्हणून काका फोन स्पीकरवर टाकून गॅरेजच्या फळीवर ठेवत, आणि उजेड हवा म्हणून दार उघडं. त्यामुळे ते एक-एक तासाचं बोलणं सगळ्या रस्त्याला ऐकू जायचं. मेघनाचं मराठी इथल्या मुलांचं, म्हणजे शब्द आईचे आणि त्यांचं लिंग ज्याचं त्यानं ठरवायचं. "बाबा, तुमचा नाक फार मोठा आहे!" हे तिनं एका शुक्रवारी इतक्या तळमळीनं सांगितलं की समोरच्या घरातली गुजराती आजी दाराबाहेर येऊन काकांचा चेहरा निरखून गेली.

ते पहिलं नाक खरंच मोठं होतं. सुपाएवढं. मेघनानं समजावलं की तोंड लहान हवं आणि आत नळी हळूहळू रुंद होत गेली पाहिजे, म्हणजे वाऱ्याचा वेग कमी होऊन त्याचा दाब बनतो. काकांनी दोनदा विचारलं, तिनं दोनदा सांगितलं. दुसरं नाक त्यांनी अशा जागी बसवलं की तिथे वारा यायचाच नाही. मग मेघनानं लोकरीची युक्ती सांगितली आणि आमची वरात निघाली. ती लोकर काकूंनी मेघनाचे स्वेटर विणून उरलेली होती, एक पिशवीभर. कापताना काकांनी एकही गुंडी फुकट घालवली नाही. सगळ्या दोऱ्या नंतर सेलोटेप सोडवून परत पिशवीत ठेवल्या.

तिसऱ्या नाकानं तर कहर केला. आत आलेलं पावसाचं पाणी बाहेर पडायला तळाशी एक भोक ठेवायचं असतं, ते ठेवलंच नव्हतं. जूनमधला इथला पाऊस. काका पोस्टात निघाले, नाकानं मिनिटभर यथेच्छ पाणी प्यायलं आणि गाडी राउंडअबाउटच्या ऐन तोंडाशी ठसकून बंद पडली. हेमंतनं आणि मी ढकलत आणली. मी नखशिखांत भिजले आणि माझं डोकं फिरलं.

"काका, पन्नास वर्षं इंग्लंडात काढलीत आणि पाऊस विसरलात? कमाल आहे तुमची!"

"राहिलंच गं," काका म्हणाले. अगदी निरागस तोंड! "मेघनाला विचारायला पाहिजे." आणि त्या शुक्रवारी पाऊण तास भोक या विषयावर चर्चा झाली. केवढं, कुठे, किती सुतांचं.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आम्हाला ठाऊक होतं, कारण काकांनी मला स्पष्टच सांगितलं होतं. मेघना काकूंच्या वर्षश्राद्धाला आली होती त्यानंतर घरी आलीच नव्हती. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. फोन दर शुक्रवारी. पण येणं नाही. "एकदा ती आली पाहिजे बघ, वैशाली," काका म्हणाले होते. "नाक नीट झालं की मापं घ्यायला तिला यावंच लागेल. फोनवरून दाब मोजता येत नाही." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, कानसीनं पत्र्याची कड घासत होते. मी आपली वाटी घेऊन घरी आले.

सप्टेंबरात चौथं नाक तयार झालं आणि काकांनी जागा शोधली. लढाईच्या काळातला एक बंद पडलेला विमानतळ होता. गाड्यांचा शौक असलेली मंडळी अधूनमधून तिथली धावपट्टी दिवसभरासाठी घेत आणि मनसोक्त पळवत. असे विमानतळ आमच्या जवळपास दोन-तीन आहेत. पण काकांनी नकाशावर स्टीलची पट्टी ठेवून बर्मिंगहॅम आणि केंब्रिजच्या बरोबर मधला निवडला होता. "तिला लांब पडायला नको," म्हणाले.

मेघना फोनवर नुसतीच "बघते बाबा" म्हणाली. दोन शुक्रवार हेच. तिसऱ्या शुक्रवारी काकांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि स्वतः उगाच बागेत गेले.

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "काय गं, एवढी शिकलीस आणि बापाला भेटायला सवड नाही होय तुला?"

मग ती म्हणाली, "ताई, सवडचं नाहीये. घर खूप क्वाएट आहे. दार उघडलं की आईचा आवाज नाही येत. आय कान्ट डू इट." माझा सगळा फटकळपणा जागच्या जागी जिरला. पण तीच पुढे म्हणाली, "एअरफील्डवर येते मी. तिथे आवाज खूप असेल ना?"

आली. ऑक्टोबरातला रविवार, बोचरा वारा, आणि मेघना आमच्याआधी येऊन उभी. गळ्यात मफलर आणि हातात एक पेटी. पेटीत दाब मोजायचं घड्याळासारखं यंत्र आणि रबरी नळ्या. काका गाडीतून टप्प्याटप्प्यानं बाहेर आले. मला वाटलं आता जवळ घेतील. कसलं काय! "मिळाली का जागा बरोबर?" काकांनी विचारलं. "हो. तुम्हाला ट्रॅफिक होता?" मेघनानं विचारलं. झाली भेट. मग दोघंही घाईघाईनं बॉनेट उघडून आत बघायला लागले.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगायलाच हवं. दसरा नुकताच झाला होता आणि काकांच्या घरी त्या वर्षीही काही केलेलं नव्हतं. काकू असताना खंडेनवमीला काकांचे हातोडेसुद्धा हळदीकुंकू लावून पाटावर बसायचे. म्हटलं, गाडीची तरी पूजा करू. इंडियन दुकानातून झेंडू आणून मी जाडजूड माळ केली होती. नारळही होता, पण नारंगी जॅकेट घातलेला तिथला एक माणूस धावत आला, "नो डेब्री ऑन द रनवे, प्लीज," म्हणून. मग नारळ राहिला. हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि माळ बंपरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळीनं बांधली.

काकांनी माळेकडे बघितलं. नाकाकडे बघितलं. "राहू दे का माळ, काका? पहिली चक्कर होईपर्यंत?" मी विचारलं. मेघना काहीतरी बोलणार होती. तिनं काकांकडे बघितलं आणि पेटीतल्या नळ्या काढायला लागली.

"असू दे," काका म्हणाले. "पूजेची आहे."

धावपट्टीला वेगाची मर्यादा नव्हती. इतर गाड्या कानठळ्या बसवत शंभर-सव्वाशेनं जात होत्या. काका अठ्ठावन्ननं निघाले. शेजारी मेघना मांडीवर यंत्र घेऊन. ती आत काय ओरडत होती ते नंतर कळलं. "बाबा, सत्तर! प्लीज! सायन्ससाठी!" आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांनी अठ्ठावन्नच्या पुढे पाय दाबला. साठ, पासष्ट, सत्तर. आम्हाला दुरून फक्त लाल गाडी दिसत होती, आणि तिच्या पुढ्यात केशरी पट्टा.

मग केशरी पट्टा दिसेनासा झाला.

"अरे देवा," हेमंत म्हणाला. "नाकानं माळ ओढली."

गाडी दोनदा ठसकली, तीन गचके खाल्ले आणि धावपट्टीच्या ऐन मध्यावर उभी राहिली. सगळ्यांच्या फेऱ्या थांबल्या. नारंगी जॅकेटवाल्यानं दोर लावून त्यांना परत ओढत आणलं. बॉनेट उघडून फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं, तर डबा झेंडूनं गच्च भरलेला! पाकळ्या, देठ, सुतळी, अक्षता आणि वर कुंकवाचा सडा. इंजिनाला श्वास घ्यायला सुताएवढी जागा नव्हती.

"आर दोज फ्लॉवर्स?" नारंगी जॅकेटवाल्यानं विचारलं.

"इट्स रिलिजस," हेमंत म्हणाला, आणि तो माणूस मान हलवत निघून गेला.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सहा महिन्यांची खटपट, वर्षभरानं आलेली लेक, आणि मी माळ बांधून त्याचा असा सत्यानाश केला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण मेघनाकडे बघते तर ती पोट धरून डांबरावर फतकल मारून बसलेली! हसू आवरत नव्हतं तिला. "बाबा, इट वर्क्स! तुमचा नाक पूर्ण गार्डन खाऊन टाकला!" काकूंचं हसणं असंच होतं, खालून वर चढत जाणारं. काका तिच्याकडे बघत राहिले.

हसून झाल्यावर तिनं यंत्राचा काटा दाखवला. माळ आत जायच्या आधी, सत्तरला, जेवढा दाब तिनं एप्रिलमध्ये कागदावर काढला होता, बरोब्बर तेवढा. एक घोडा, ना कमी ना जास्त. चौथं नाक अगदी परफेक्ट होतं.

"म्हणजे झालं तर काम," काका म्हणाले. मला वाटलं होतं ते उड्या मारतील. पण कारखाना बंद झाल्याची नोटीस वाचावी तसा त्यांचा आवाज होता. मग ते खाली वाकले आणि एकेक पाकळी बोटानं उचलून बाहेर काढायला लागले.

कोपऱ्यात एक चहाची व्हॅन उभी होती. मी आणि मेघना चहा आणायला गेलो. रांगेत उभ्या उभ्या मी म्हटलं, "माफ कर गं बाई. आधीच तुझे बाबा असे विसराळू, पाण्याचं भोकसुद्धा विसरले होते, आणि वर माझी ही माळ."

मेघना माझ्याकडे बघत राहिली. "ताई, ते विसरले नव्हते."

"म्हणजे?"

"कारखान्यात बाबा तेच तर करायचे. रेसिंगच्या गाड्यांना असले स्कूप बनवायचे ते. वीस वर्षं. आमच्या अल्बममध्ये फोटो आहे, हातात स्कूप धरून. मला एअर म्हणजे काय ते सातव्या वर्षी त्यांनीच दाखवलं, चालत्या गाडीच्या खिडकीतून माझा हात बाहेर धरून. त्यांना सगळं येतं."

मला आधी तर कळेचना. "अगं, मग तू बोलली का नाहीस इतके दिवस?"

चहाचे कप आले होते. तिनं दोन्ही हातांनी एक धरला. "मी घर सोडल्यापासून दर शुक्रवारी फोन करायची. कधीकधी बाबा उचलायचे. ते एकच वाक्य बोलायचे. 'थांब, आईला देतो.' बारा वर्षं, ताई. मी कधी माइंड नाही केलं. ते तसेच आहेत. आई गेली, फ्यूनरल झालं, मी केंब्रिजला परत गेले, आणि शुक्रवारी फोन केला. बाबांनी उचलला. आणि सवयीनं म्हणाले, 'थांब, आईला देतो.'"

मागच्या माणसानं आम्हाला पुढे सरकायला सांगितलं. आम्ही सरकलो.

"मग कोणीच काही बोललं नाही. खूप वेळ. फोन चालू होता, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. नंतर दीड वर्ष आम्ही फक्त वेदर बोललो. तीन मिनिटं. आणि मग या एप्रिलमध्ये एक दिवस त्यांनी विचारलं, 'मेघना, गाडीत जास्त हवा कशी घालायची गं?'" तिनं नाक पुसलं. "मी काय सांगणार होते? की तुम्हाला माहितीय?"

मी रडले. उगाच लपवत नाही, त्या व्हॅनपाशी चक्क उभी राहून रडले.

परत आलो तेव्हा फिल्टर साफ झाला होता. निवडलेल्या पाकळ्यांचा एक नीट ढीग काकांनी रुमालावर केला होता. गाडी सुरू करून बघितली, छान चालली. आता करायला काहीच उरलं नव्हतं. काकांनी पाने-पकडी एकेक करून पेटीत ठेवल्या. मेघनानं नळ्या गुंडाळल्या. "तुझी पण निघायची वेळ झाली असेल," काका म्हणाले. "अंधार लवकर पडतो हल्ली."

"हो," मेघना म्हणाली. पेटी उचलून ती दोन पावलं गेली आणि थांबली. मागे येऊन वाकली आणि गाडीच्या मागच्या बाजूला खाली बघायला लागली.

"बाबा, एक प्रॉब्लेम आहे."

"काय?"

"हवा आत घेतली आपण जास्त. पण ती बाहेर कुठून जाणार? हा एक्झॉस्ट बघा ना. केवढासा पाईप आहे. ते आपण कधी बघितलंच नाही."

चाळीस वर्षं पत्र्यात काढलेल्या त्या माणसानं चेहरा असा कोरा केला की शपथेवर सांगते, मला सगळं कळलेलं असूनही क्षणभर खरंच वाटलं. काका गुडघ्यावर हात टेकवून खाली वाकले, पाईपकडे बराच वेळ टक लावून बघितलं आणि म्हणाले, "अगं हो की! ते माझ्या डोक्यातच आलं नाही. कसं करतात गं ते? शुक्रवारी सांगशील?"

"फोनवर नाही जमायचं, बाबा," मेघना म्हणाली. "ते लांबलचक आहे. मी शनिवारी घरी येते. गॅरेजमध्ये बसून सांगते."

काकांनी हातातल्या ग्रीसच्या फडक्यानं हात पुसले आणि पुसता पुसता डोळेही पुसले. डाव्या डोळ्यापासून कानापर्यंत हा मोठा काळा पट्टा उमटला. बर्मिंगहॅमला पोचेपर्यंत तो तसाच होता. आम्ही कुणी त्यांना सांगितलं नाही.